अमेरिकेत घर बांधून घेताय? आधी लाकडाचा भाव समजून घ्या

२०२१च्या जानेवारीत नॉर्थ कॅरोलिनात आम्ही घराचा करार केला. साताऱ्याला फोन करून सांगितलं, तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न होता, "लाकडाचं घर? अरे, पावसात कुजणार नाही का?" आणि दुसरा, "घनफुटाला काय भाव पडला?" पहिल्याचं उत्तर मी दिलं: बाहेरून आवरण असतं, लाकूड कोरडं राहतं, वाळवीवर मात्र लक्ष ठेवावं लागतं. दुसऱ्या प्रश्नाला मी हसलो. मे महिन्यात बिल्डरच्या ऑफिसातून पत्र आलं की लाकडाच्या वाढीव खर्चापोटी १८ हजार डॉलर जास्त भरावेत, आणि तसं कलम करारात आहे. ते होतंही. मीच वाचलं नव्हतं.

इथे पहिल्यांदाच घर बांधून घेणाऱ्या आपल्या लोकांसाठी, ज्या क्रमाने या गोष्टी मला आधी कळायला हव्या होत्या त्या क्रमाने लिहितोय. जुनं घर विकत घेणाऱ्यांनी पाचवी, सहावी आणि सातवी पायरी गाळली तरी चालेल.

पायरी १: घरात लाकूड कुठे कुठे आहे ते पाहा

पुण्या-मुंबईत वाढलेल्या माणसाच्या डोक्यात घर म्हणजे सिमेंट, सळई, वीट. लाकूड दाराच्या चौकटीला, फार तर कपाटांना. भाव वाढला तर चौकटीला साग न लावता दुसरं काही लावायचं आणि पुढे जायचं.

इथे उलटं आहे. अमेरिकेत नव्याने बांधल्या जाणाऱ्या स्वतंत्र घरांपैकी दहातली नऊ तरी लाकडी सांगाड्याची असतात. फरशीखालचे जॉइस्ट म्हणजे आडव्या तुळया, भिंतीतले स्टड म्हणजे उभे दांडके, छताचे ट्रस म्हणजे त्रिकोणी कैच्या, सगळं पाइन, स्प्रूस किंवा फर. त्यावर ओएसबीचे तक्ते ठोकलेले. ओएसबी म्हणजे लाकडाच्या चपट्या चिपा डिंकाने दाबून केलेला तक्ता. बाहेरची वीट दिसते ती बहुतेक वेळा नुसतं कातडं असते, भार लाकूडच पेलतं. एकट्या फ्रेमिंगचा, म्हणजे या सांगाड्याचा, खर्च बांधकाम खर्चाच्या साधारण पाचव्या-सहाव्या हिश्शाइतका असतो. दारं, कपाटं, जिना, डेक (घराबाहेरचा लाकडी ओटा) हे वेगळं.

म्हणून इथे लाकूड महागलं की "दुसरं काही लावू" म्हणायची सोय नसते.

पायरी २: बोर्ड फूट शिका, आणि मापातलं पापही

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला हे शिकावं लागलं. इथे लाकूड बोर्ड फुटात मोजतात: एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड. म्हणजे आपल्या वखारीतल्या एका घनफुटात १२ बोर्ड फूट बसतात. बातम्यांमधला भाव नेहमी १००० बोर्ड फुटांचा असतो. ५०० डॉलर भाव म्हटला की घनफुटाला ६ डॉलर झाले.

हे ऐकून बाबा म्हणाले, "मग फुकटच की! साग बघ इथे काही हजारांत जातो." तुलना चुकीची आहे, हे सागवान नाही, झपाट्याने वाढणारं मऊ लाकूड आहे. पण पुढची गोष्ट ऐकून ते खरे वैतागले. टू-बाय-फोर म्हणून जी लाकडं विकतात ती दोन बाय चार इंच नसतातच. प्रत्यक्षात ती दीड बाय साडेतीन इंच भरतात. बोर्ड फूट मात्र दोन बाय चार धरूनच मोजतात, त्यामुळे हातात पडतं ते मोजलेल्याच्या दोन तृतीयांशाहून थोडं कमीच. "मापात पाप," बाबांनी निकाल दिला. तसं ते लपवलेलं नाही. लाकूड वाळवून, रंधून आकसतं आणि तो आकार ठरलेला प्रमाण आकार आहे. पण डेक किंवा शेड स्वतः बांधायला निघालेला नवखा माणूस पहिली ठेच इथेच खातो.

एक हिशोब तोंडपाठ ठेवा. आठ फुटी टू-बाय-फोर म्हणजे दोन गुणिले चार गुणिले आठ, भागिले बारा: ५.३३ बोर्ड फूट. लाकूड कापणाऱ्या गिरणीचा भाव ५०० असेल तर तो दांडका २ डॉलर ६७ सेंटना, १५०० असेल तर ८ डॉलरना. दुकानात त्यावर वाहतूक आणि नफा चढतो. सर्वसाधारण आकाराच्या घराला ढोबळमानाने १५ हजार बोर्ड फूट लाकूड लागतं. म्हणजे भाव १०० डॉलरने हलला की तुमच्या घराचा खर्च १५०० डॉलरने हलतो. बातमी वाचताना एवढं गणित पुरतं.

पायरी ३: भाव का हलतो ते समजून घ्या

शिकागोच्या वायदेबाजारात लाकडाचेही सौदे होतात, जसे आपल्याकडे सोन्याचे किंवा हळदीचे होतात. २०२०च्या एप्रिलमध्ये हा वायदा ३०० डॉलरच्याही खाली होता. मे २०२१मध्ये तो १६०० च्या पुढे गेला. त्याच ऑगस्टपर्यंत ५०० च्या आसपास कोसळला. मार्च २०२२च्या सुमारास पुन्हा १३०० च्या वर. वर्षअखेरीस ४०० च्या खाली. कांद्यालाही लाज वाटावी असे झोके.

कांद्यासारखंच कारणही पुरवठ्यातलं. कोविड आला तेव्हा गिरण्यांना वाटलं की घरबांधणी थांबणार, म्हणून त्यांनी उत्पादन कमी केलं. झालं भलतंच. लोक घरात अडकले आणि डेक बांधायला लागले, गृहकर्जाचे दर ३ टक्क्यांच्या खाली गेले, मोठ्या घरांची मागणी उसळली. गिरणी बंद करायला एक दिवस पुरतो, पुन्हा पूर्ण वेगाने चालवायला माणसं, ट्रक, महिने लागतात. त्यामागे जुनं दुखणं होतंच: कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९९०च्या दशकापासून माउंटन पाइन बीटल नावाच्या किड्याने पाइनची जंगलं पोखरली, मग २०१७ आणि २०१८ची वणव्यांची वर्षं आली. तोडायला झाडं कमी उरल्याने तिथल्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या.

आमच्या गावाबाहेर मैलोन्‌मैल पाइनची लागवड आहे. २०२१च्या उन्हाळ्यात मी एका शेजाऱ्याला म्हटलं, "तुमची तर चांदी झाली असेल." त्याची तीस एकर झाडं आहेत. तो कडवट हसला. उभ्या झाडाचा भाव जवळपास होता तिथेच होता. अमेरिकेच्या दक्षिण भागात झाडं भरपूर आहेत, कमी आहे ती कापायची क्षमता, त्यामुळे पैसा गिरणीवाल्याच्या खिशात गेला. आपल्याकडच्या शेतकरी आणि अडत्याची गोष्ट मला नव्याने सांगायला नको.

आता आयातशुल्काचं बघा, कारण व्हॉट्सअॅपवर सर्वांत जास्त गोंधळ याच मुद्द्यावर दिसतो. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या मऊ लाकडाचा साधारण चौथा हिस्सा कॅनडातून येतो. तिथली बहुतेक जंगलं सरकारी, झाड तोडण्याची फी सरकार ठरवतं. अमेरिकी गिरण्या म्हणतात की ही फी मुद्दाम कमी ठेवलेली आहे, म्हणजे छुपं अनुदान आहे. हे भांडण १९८२पासून चालू आहे. मधला करार २०१५मध्ये संपला, २०१७पासून पुन्हा शुल्क आलं. २०२४च्या ऑगस्टमध्ये ते साडेचौदा टक्क्यांच्या आसपास गेलं, २०२५च्या ऑगस्टमध्ये ३५ टक्क्यांवर, आणि १४ ऑक्टोबर २०२५पासून त्यावर आणखी १० टक्के. त्याच दिवसापासून आयात केलेल्या स्वयंपाकघरातल्या कॅबिनेटांवरही २५ टक्के लागले.

मग लाकूड ४५ टक्क्यांनी महागलं का? नाही. २०२५च्या ऑगस्टमध्ये शुल्क वाढलं आणि त्यानंतरच्या आठवड्यांत वायदा उलट उतरला, कारण व्याजदर चढे, घरबांधणी थंड आणि व्यापाऱ्यांनी माल आधीच भरून ठेवलेला. शुल्काची बातमी दाखवून कोणी "आत्ताच सही करा, पुढच्या महिन्यात महागणार" म्हणालं, तर चहा घ्या आणि घरी या.

पायरी ४: वाढीव खर्चाचा हप्ता काढा

नॅशनल असोसिएशन ऑफ होम बिल्डर्स या बिल्डरांच्या संघटनेने एप्रिल २०२१मध्ये हिशोब मांडला होता की वर्षभरातल्या लाकडाच्या भाववाढीमुळे सरासरी नव्या स्वतंत्र घराची किंमत ३५,८७२ डॉलरने वाढली. वरच्या आपल्या गणितात भाव ४०० वरून १५०० झाला तर १६,५०० येतात. उरलेले कुठून आले? ओएसबी लाकडापेक्षाही जोरात चढलं होतं. ट्रस, दारं, कॅबिनेट यांच्यातही लाकूड असतं. शिवाय बिल्डरचं व्याज आणि टक्केवारी वाढलेल्या रकमेवर लागते. तरीही ही संघटना आयातशुल्काविरुद्ध लढणारी आहे, तेव्हा तिचा आकडा मी वरची मर्यादा म्हणूनच धरतो.

माझ्या १८ हजारांचंच घ्या. तीस वर्षांच्या कर्जात ३ टक्के व्याजाने ते महिन्याला ७६ डॉलर पडतात. साडेसहा टक्क्यांनी ११४ डॉलर, आणि तीस वर्षांत एकूण जवळजवळ ४१ हजार. बँका साधारणपणे घराचा हप्ता पगाराच्या २८ टक्क्यांत बसवायला बघतात. म्हणजे नुसत्या या ११४ डॉलरसाठी वर्षाचा पगार जवळपास ५ हजारांनी जास्त हवा. काठावरच्या कुटुंबाचं कर्ज अशाच रकमेमुळे नामंजूर होतं.

याहून वाईट गोष्ट मूल्यांकनाची. करारानंतर किंमत वाढली तरी बँकेचा मूल्यांकन करणारा शेजारची विकली गेलेली घरं बघूनच आकडा लावतो. करारातली किंमत आणि मूल्यांकन यातली जी कमी असेल, तिच्यावर कर्ज मिळतं. वरचा फरक रोखीने तुमच्या खिशातून. आम्ही त्यासाठी ठेवी मोडल्या आणि त्या वर्षीची भारतवारी रद्द केली.

भाड्याने राहणाऱ्यांनाही सुटका नाही. त्याच संघटनेच्या हिशोबात अपार्टमेंट इमारतीतल्या एका नव्या घराची किंमत १३ हजार डॉलरच्या आसपास वाढली होती, आणि मालक ती भाड्यातूनच काढतो. जुनं घर घेणाऱ्याला झळ विम्यातून लागते. विमा घराच्या बाजारभावाचा नसतो, पुन्हा बांधायच्या खर्चाचा असतो. विमा घेताना हा पुनर्बांधणी खर्च कोणत्या वर्षाच्या भावाने धरलाय ते विचारा.

आणि लाकूड उतरलं की घर उतरतं का? २०२२च्या अखेरीस लाकूड जवळपास कोविडपूर्व भावाला आलं होतं. नव्या घरांच्या किमती मात्र २०२१पेक्षा वरच होत्या.

पायरी ५: करारातलं ते एक कलम शोधा

सगळी पानं वाचायचा धीर नसेल तर निदान "एस्कलेशन" हा शब्द शोधा. माझ्या करारात त्याचा अर्थ असा होता: लाकूड आणि तत्सम साहित्याचा भाव ५ टक्क्यांहून जास्त वाढला, तर फरक ग्राहकाने द्यावा. बस, एवढंच. कोणत्या तारखेच्या भावापासून ५ टक्के? कोणाच्या भावाने? किती रकमेपर्यंत? कशाचाच पत्ता नव्हता. भाव उतरला तर काय, याबद्दल तर अवाक्षर नव्हतं.

कलम काढून टाका म्हटलं तर गरम बाजारात बिल्डर तुम्हालाच काढून टाकेल. म्हणून ते राहू द्या, पण त्याला कुंपण घाला. आधारभाव सहीच्या तारखेचा असावा आणि तो कशावरून धरला हे लिहिलेलं असावं. व्यवसायात रँडम लेंग्थ्स या लाकडाच्या भावपत्रकातले साप्ताहिक भाव प्रमाण मानतात, किंवा बिल्डरला वखारीने दिलेलं कोटेशन जोडून घ्यावं. वाढीला कमाल मर्यादा असावी, करारातल्या किमतीच्या अमुक टक्के. ती ओलांडली तर बयाणा परत घेऊन बाहेर पडायचा हक्क असावा. वाढ मागताना पुरवठादाराचं बिल दाखवावं लागेल, असं असावं. आणि भाव खाली आला तर तोच नियम उलट्या बाजूनेही लागू व्हावा. या शेवटच्यावर बहुतेक बिल्डर हसतात. तरी मागा, कारण ते सोडून देताना बदल्यात मर्यादा खाली आणून घेता येते.

पक्क्या किमतीचा करार मिळाला तर उत्तम, पण तो फुकट नसतो. बिल्डर जोखमीची रक्कम आधीच किमतीत धरतो. "खर्च अधिक टक्केवारी" हा प्रकार ओळखीचा, हिशोब उघडा ठेवणारा बिल्डर असल्याशिवाय नवख्याने करू नये, कारण त्यात लाकूड महागलं की बिल्डरची टक्केवारीही वाढते. त्याला स्वस्त लाकूड शोधायची घाई कशाला असेल?

एक सोपी वाट मला फार उशिरा सुचली. मोठे बिल्डर काही घरं गिऱ्हाईक ठरण्याआधीच बांधायला काढतात. ज्याची फ्रेम उभी आहे, छत चढलं आहे, त्या घराचं लाकूड आधीच विकत घेतलेलं असतं. टाइल आणि रंग मनासारखे मिळणार नाहीत, पण लाकडाची जोखीम संपलेली असते.

लाकूड आधीच घेऊन ठेवावं का, असं बरेच जण विचारतात. वखारवाले फ्रेमिंगचं पूर्ण पॅकेज आगाऊ रक्कम घेऊन भाव बांधून देतात, तो मार्ग ठीक आहे. माल प्लॉटवर आणून टाकायचा मार्ग ठीक नाही: पावसात वाकतो, आणि २०२१मध्ये साइटवरून लाकडाच्या चोऱ्या व्हायच्या.

नॉर्थ कॅरोलिनात घराचा व्यवहार पूर्ण करायला वकील लागतोच. लोक त्याला शेवटच्या दिवशी भेटतात. तोच वकील करारावर सही करण्याआधी गाठा. तासाभराची फी जाईल.

पायरी ६: नकाशात लाकूड वाचवा

तक्ते चार बाय आठ फुटांचे येतात. घराची लांबी-रुंदी दोन किंवा चार फुटांच्या पटीत असेल तर कापून फेकायचं लाकूड कमी होतं. भिंतीचा प्रत्येक कोपरा आणि छताची प्रत्येक वळचण-खाच पैसे खाते. समोरून चार त्रिकोणी शिखरं असलेलं घर फोटोत छान दिसतं, पण त्यातली दोन केवळ शोभेची असतात. दहा फुटी छताऐवजी नऊ फुटी घेतलं तर प्रत्येक भिंतीतला प्रत्येक स्टड आखूड होतो. स्टडमधलं अंतर १६ इंचांऐवजी २४ करता येतं का, हे विचारायला हरकत नाही, पण ठरवू द्या अभियंत्याला.

आणि देवघर. हे खास आपल्या लोकांसाठी. ईशान्येला देवघराचा कोनाडा हवा असेल, दार पूर्वेला हवं असेल, स्वयंपाकघराची दिशा बदलायची असेल, तर ते नकाशा मंजूर होण्याआधी सांगा. आमच्या घरी फ्रेम उभी राहिल्यावर आईने व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि देवघर दक्षिणेच्या भिंतीला आहे हे तिच्या लक्षात आलं. कोनाडा हलवायचं लाकूड दोनशे डॉलरचंही नव्हतं. पण चेंज ऑर्डर, म्हणजे ऐनवेळच्या बदलाची बिल्डरची आकारणी, अकराशेची झाली.

पायरी ७: भिंती झाकण्याआधी साइटवर जा

ड्रायवॉल, म्हणजे आतून भिंत झाकणारे जिप्समचे तक्ते, लागण्याआधी एकदा सांगाडा बघायला मिळतो. ती तारीख चुकवू नका. स्टडवरचे शिक्के वाचा: दर्जा, झाडाची जात, आणि वाळवल्याची खूण. "केडी" म्हणजे भट्टीत वाळवलेलं. निळसर डाग दिसले तर घाबरू नका, तो बुरशीचा रंग असतो, ताकद कमी होत नाही. पिळवटलेले किंवा लांब चिरलेले स्टड मात्र पेन्सिलने खूण करून बदलून मागा. त्या दिवशी ते विनामूल्य बदलतात. टंचाईच्या काळात जो मिळेल तो माल लावला जातो, तेव्हा तर नक्कीच जा.

आणि प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, टेप धरून. पुढे टीव्ही टांगताना, कपाट ठोकताना स्टड कुठे आहे ते त्या फोटोतच सापडतं. गेल्या वर्षी बाबा आले. दिवाणखान्याच्या भिंतीवर त्यांनी बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "पोकळ आहे रे." मी फोनवर तो फोटो काढून दिला. चष्मा वर करून त्यांनी टेपवरचे आकडे वाचले, दांडके मोजले. "सोळा-सोळा इंचांवर एक आहे," म्हणाले. "घनफुटाचं काय पडलं शेवटी?"